चुलीजवळचे पाचारण

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यातील ते दिवस आम्हाला अजून विसरता आलेले नाहीत. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्याच आळीतील एका घरात वृद्ध काका-काकू दोघेही तापाने अंथरुणाला खिळले होते. मुलगा परदेशात, मुलगी सासरी, दूरच्या शहरात. आमच्या धर्मग्रामाच्या मदत गटाचे काम त्या दिवसांत जोरात चालले होते आणि आम्हीही त्या गटात होतो. धान्याच्या पिशव्या भरणे, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फोन करणे, देणग्यांचा हिशेब ठेवणे, ऑनलाइन मिस्साची लिंक सर्वांना पाठवणे, यांतून दिवसभर उसंत मिळत नव्हती. मात्र पन्नास पावलांवरच्या त्या दाराशी आमच्यापैकी कोणीही गेले नाही. फोनवर आम्ही रोज म्हणत होतो, "काही लागलं तर सांगा हं, काकू." आणि फोन ठेवून खिडकी लावून घेत होतो.

त्या घरात राहिली ती त्यांच्याकडे घरकाम करणारी मुलगी. झारखंडहून आलेली, पंचविशीतली, अबोल. पेज करून देणे, कपडे धुणे, ताप पाहणे, रात्री उठून काकांना पाणी पाजणे, सारे तिने केले. काकू वाचल्या. काका अकराव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये देवाघरी गेले. पुढे धीर एकवटून आम्ही तिला विचारले, "तुला भीती नाही वाटली? तू निघून का नाही गेलीस?" तिने आपल्या हिंदीमिश्रित मराठीत एवढेच म्हटले, "वाटली ना. पण मी गेली तर दुसरा कोण हाय इथे?"

'दुसरा कोण?' हा तिचा प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. सेवेच्या नावाखाली आम्ही दिवसभर राबत होतो हे खरे. पण ती सेवा आम्हाला शेजाऱ्याकडे नेत होती की शेजाऱ्यापासून लांब ठेवीत होती?

मागच्या बाकावरची बहीण

ही मुलगी रविवारी आमच्या चर्चमध्ये येत असे. मागच्या बाकावर बसे. ख्रिस्तप्रसादासाठी मात्र उठत नसे. ती लाजत असावी, असा आम्ही समज करून घेतला होता. त्या दिवसांनंतर बोलणे वाढले तेव्हा कळले, की ती ल्युथरन आहे.

छोटा नागपूरच्या पठारावर, आजच्या झारखंडमध्ये, ल्युथरन मंडळी मोठी आहे. १८४५ साली बर्लिनच्या योहानेस गॉस्नर यांनी पाठविलेले चार मिशनरी रांचीला पोहोचले. हे गॉस्नर मूळचे कॅथलिक धर्मगुरू होते हे वाचून आम्हाला आश्चर्य वाटले. पहिला बाप्तिस्मा होण्यास पाच वर्षे लागली. १८५० साली चार उरांव आदिवासींनी तो घेतला. पुढे १८८५ मध्ये आपले येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स त्याच भागात आले आणि कॅथलिक ख्रिस्तसभाही तेथे रुजली. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना भारत सोडावा लागला. त्यामुळे मंडळी विस्कटून जाईल असे वाटत होते, परंतु तेथील स्थानिक पाळक, प्रचारक आणि सामान्य माणसांनी ती सांभाळली. १९१९ च्या जुलै महिन्यात त्यांनी आपली मंडळी स्वायत्त असल्याचे जाहीर केले. परक्या मिशनरींवाचून आपले आपण चालणारी मंडळी त्यांनी उभी केली.

त्या परंपरेतली ही मुलगी. लहानपणी गावच्या मंडळीत तिने मार्टिन ल्युथरची छोटी प्रश्नोत्तरी हिंदीतून पाठ केली होती. पाचव्या आज्ञेचा अर्थ तिने आम्हाला सांगितला. खून करू नये म्हणजे शेजाऱ्याच्या देहाला इजा करू नये एवढेच नव्हे, तर त्याच्या देहाच्या प्रत्येक गरजेत त्याला साह्य करावे. आज्ञांचा क्रम त्यांचा आणि आपला एकच आहे, त्यामुळे पाचवी आज्ञा म्हणजे कोणती, हे एकमेकांना समजावून सांगावे लागले नाही. मात्र तिचा उत्तरार्ध आम्ही कधी एवढा मनावर घेतला नव्हता. खून तर आम्ही केला नव्हता. पण साह्य?

कृपा फुकट, मग कृती कशासाठी?

ल्युथर म्हटले की आपल्यापैकी अनेकांना एकच गोष्ट आठवते: तो म्हणाला श्रद्धा पुरे, सत्कर्मांची गरज नाही. लहानपणी आम्हीही असेच ऐकले होते. हे त्याच्या शिकवणुकीचे अर्धेच चित्र आहे, आणि अर्धे चित्र पुष्कळदा खोट्यापेक्षाही अधिक दिशाभूल करते.

ल्युथर १५०५ साली ऑगस्टिनियन मठात गेला आणि १५०७ साली धर्मगुरू झाला. उपवास, जागरणे, वारंवार पापनिवेदन असे सारे करूनही त्याच्या मनाला शांती नव्हती. देव संतुष्ट होण्याइतके आपण केले का, हा हिशेब संपतच नव्हता. रोमकरांस लिहिलेले संत पौलाचे पत्र अभ्यासताना त्याला उमगले, की देव माणसाला नीतिमान ठरवितो ते आपल्या कृपेने, ख्रिस्तासाठी, श्रद्धेच्या द्वारे. हिशेबाची वही देवानेच मिटून टाकली आहे.

मग सत्कर्मे कशासाठी? १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्याने याचे उत्तर दिले. त्याचा आशय असा, की श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणूस पूर्ण स्वतंत्र आहे, कोणाचाही बांधलेला नाही. आणि प्रेमामुळे तोच माणूस सर्वांचा सेवक आहे. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही. ती गरज शेजाऱ्याला आहे. जोपर्यंत मी स्वतःच्या तारणासाठी पुण्य जमवीत असतो, तोपर्यंत आजारी माणूस हे माझ्या पुण्याचे साधन असते. ती चिंता देवाने स्वतःवर घेतली म्हणजे मग मी त्या आजाऱ्याकडे आजारी म्हणून पाहू शकतो. त्याला तहान लागली आहे, म्हणून पाणी.

या प्रश्नावरून आपण आणि ल्युथरन बंधुभगिनी सुमारे चारशे वर्षे एकमेकांवर आरोप करीत राहिलो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपला स्वीकार देव केवळ कृपेने करतो, आपल्या पात्रतेमुळे नव्हे, आणि हीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करते, हे दोघांनी मिळून मान्य केले. २०१६ साली स्वीडनमधील लुंड येथे दिवंगत पोप फ्रान्सिस ल्युथरन नेत्यांसोबत एकाच प्रार्थनेत उभे राहिले. सारे मतभेद मिटलेले नाहीत, आणि आमची ती बहीण अजूनही ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरच बसते, याचे दुःख आहेच. पण जे आता भांडणाचे कारण उरलेले नाही, ते एकमेकांकडून शिकायला काय हरकत आहे?

'पाचारण' कुणाला?

दर वर्षी पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, आपण पाचारणासाठी प्रार्थना करतो. १९६४ पासून ही प्रथा सुरू आहे. पाचारण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फादर येतात, सिस्टर येतात. तशी प्रार्थना केलीच पाहिजे. धर्मगुरूंवाचून धर्मग्राम कसा चालेल? परंतु मग चर्चमध्ये बसलेल्या बाकीच्या शेकडो लोकांना देवाने बोलावलेलेच नाही काय?

ल्युथरच्या काळात 'पाचारण' हा शब्द मुख्यतः मठवासीयांसाठी वापरला जाई. त्याने तो रस्त्यावर आणला. जर्मन भाषेत आज व्यवसायाला 'बेरूफ' म्हणतात आणि त्याचे मूळ 'बोलावणे' या क्रियापदात आहे. तो शब्द साध्या माणसाच्या रोजच्या कामाला लावला जाऊ लागला, यात ल्युथरचा मोठा वाटा आहे. चांभार, लोहार, शेतकरी यांचे काम वेगवेगळे असले तरी बाप्तिस्म्याने सारे सारखेच अभिषिक्त आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कामातून दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, असे त्याने १५२० मध्ये लिहिले. १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना तो आणखी घरगुती उदाहरण देतो. एखादा बाप बाळाचे लंगोट धूत असेल आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसत असतील, तर हसोत. तो श्रद्धेने ते करीत असेल तर देव आपल्या सर्व देवदूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतो. हे लिहिले तेव्हा ल्युथरचे लग्नही झालेले नव्हते! १५२५ मध्ये काटरिना फॉन बोरा या पूर्वीच्या मठवासिनीशी त्याने विवाह केला. विद्यार्थी, पाहुणे, आश्रित यांनी भरलेले ते घर, शेती, गुरे आणि घरगुती बिअर गाळण्याचे काम यांचा सारा भार काटरिनाने वाहिला. ल्युथरने जे लिहिले ते तिने रोज जगून दाखविले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आपल्या मराठी मातीला ही गोष्ट परकी वाटू नये. अरण गावच्या संत सावता माळी यांना आपल्या भाजीच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आणि नाझरेथच्या सुताराचे नाव तर आपल्या किती घरांत, किती चर्चना दिलेले आहे! श्रमिक संत जोसेफचा सण १ मे रोजी साजरा करण्याची प्रथा पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये सुरू केली, तीही याच जाणिवेतून.

आपल्या जागेवरून प्रश्न विचारणे

१५२८ च्या सुमारास ल्युथर सॅक्सनीतील खेड्यापाड्यांतील मंडळ्यांना भेटी देत होता. लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे पाहून तो हादरला आणि १५२९ साली त्याने आपली छोटी आणि मोठी अशा दोन प्रश्नोत्तरी लिहिल्या. छोट्या प्रश्नोत्तरीत पापनिवेदनाबद्दल एक भाग आहे. कोणती पापे सांगावीत, असा तेथे प्रश्न येतो. उत्तर असे, की दहा आज्ञा समोर ठेवून आपल्या जागेचा विचार करावा. तू बाप आहेस की आई? मुलगा आहेस की मुलगी? मालक आहेस की नोकर? त्या जागेवर तू अविश्वासू राहिलास का, आळस केलास का, कोणाचे नुकसान केलेस का?

हे वाचून आम्ही स्वतःचे पापनिवेदन आठवले. "फादर, राग आला, खोटे बोललो, एक मिस्सा चुकली." वर्षानुवर्षे तेच. ही पापे कोणाचीही असू शकतात. त्यांत आमचा पत्ता नाही. आमच्या ऑफिसातील टेबलावर ज्या माणसाचा कागद तीन आठवडे पडून राहिला, त्याचा त्यात उल्लेख नाही. घरी आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असताना मोबाइलकडे पाहत 'हं, हं' करणाऱ्या मुलाचाही त्यात उल्लेख नाही. मोठ्या प्रश्नोत्तरीत सातव्या आज्ञेवर लिहिताना ल्युथर पेटी फोडणाऱ्या चोरांवर थांबत नाही. खोटी मापे वापरणारा व्यापारी आणि मजुरी घेऊन काम टाळणारा माणूस, हेही चोरच, असे तो बजावतो. आठव्या आज्ञेचा अर्थ सांगताना तो म्हणतो, की खोटी साक्ष न देणे पुरेसे नाही, शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगलाच अर्थ लावावा. आळीतल्या नाक्यावर ही एक आज्ञा पाळली गेली तरी किती घरे वाचतील!

पळून जावे की थांबावे?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. १५२७ च्या ऑगस्टमध्ये ल्युथरच्या विटेनबर्ग शहरात प्लेग आला. विद्यापीठ येना शहरात हलविण्यात आले. राजाने ल्युथरलाही निघून जाण्यास सांगितले. तो गेला नाही. त्याचा सहकारी योहानेस बुगेनहागेन हाही थांबला. काटरिना गरोदर होती. त्यांचे घरच रुग्णालय झाले. त्याच वर्षी ब्रेस्लाऊ शहरातील पाळक योहान हेस यांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याने जाहीर पत्राने उत्तर दिले. साथीत ख्रिस्ती माणसाने पळून जावे काय, असा तो प्रश्न होता. २०२० साली जगभर पुष्कळांनी हे पत्र पुन्हा काढून वाचले. आम्ही ते वाचले ते उशिरा, काकांच्या मृत्यूनंतर.

आम्हाला वाटले होते, ल्युथर गरजेल, पळणाऱ्यांना भित्रे म्हणेल. तसे नाही. जीव वाचविण्याची इच्छा देवानेच दिलेली आहे, ती पाप नव्हे, असे तो म्हणतो. ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही आणि ज्याच्या मागे रुग्णांची काळजी घेणारे पुरेसे लोक आहेत, त्याने खुशाल जावे. उलट औषध न घेता, काळजी न घेता, देव राखील म्हणून सगळीकडे मिसळणारा माणूस देवाची परीक्षा पाहतो आणि दुसऱ्याच्या मृत्यूला कारण होतो. आपण स्वतः घराला धुरी देऊ, औषध घेऊ आणि देऊ, जिथे आपली गरज नाही तिथे जाणे टाळू, असे तो लिहितो. पण शेजाऱ्याला आपली गरज असेल, तर कोणतीही जागा किंवा कोणताही माणूस टाळणार नाही.

मग थांबायचे कोणी? पाळकाने, नगराच्या अधिकाऱ्यांनी, आईबापांनी मुलांसाठी, मुलांनी आईबापांसाठी. आणि शेजारी? शेजाऱ्याची काळजी घेणारे दुसरे कोणी असल्याशिवाय शेजाऱ्याने शेजाऱ्याला सोडून जाऊ नये.

येथे आम्ही थबकलो. 'दुसरा कोण हाय इथे?' पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातला निकष हाच होता आणि आमच्या आळीतल्या त्या मुलीने तो न वाचताच ओळखला होता. घरात थांबलो, मास्क लावला, गर्दी टाळली यात आमचे चुकले नाही. तसे करणे धर्माचेच होते. आमचे चुकले ते हे, की 'दुसरे कोण आहे?' हा प्रश्नच आम्ही विचारला नाही. तो विचारला असता, तर दारात डबा ठेवता आला असता, औषधे आणून देता आली असती, त्या मुलीला रात्री चार तास झोप मिळावी म्हणून काही व्यवस्था करता आली असती. आणि मदत गटाचे काम हातात असल्यामुळे तो प्रश्न न विचारण्याची उत्तम सबब आमच्याजवळ होती. प्रभूच्या दृष्टान्तात जखमी माणसाला ओलांडून गेलेले दोघेही उपासनेच्या कामातलेच होते, हे आम्ही कितीदा ऐकले असेल!

चार कुलपांची पेटी

मग मंडळीतली सेवा कमी महत्त्वाची का? मुळीच नाही. ल्युथरने ज्या पत्रात शेजाऱ्याला न सोडण्याविषयी लिहिले, त्याच पत्रात त्याने असेही म्हटले, की नगराने चालविलेली रुग्णालये असतील तर ते अधिक चांगले. एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर सारे सोडून देता येत नाही.

१५२३ साली लाइस्निग या सॅक्सनीतल्या छोट्या शहरातील मंडळीने एक सामाईक पेटी स्थापन केली. ल्युथरने तिच्या नियमावलीला प्रस्तावना लिहिली. पेटीतील पैशातून पाळकाचे वेतन, शाळा, अनाथ, वृद्ध आणि गरीब यांचा खर्च चाले. अडचणीत आलेल्या कारागिरांना त्यातून कर्जही मिळे. व्यवस्थेसाठी दहा जण निवडले जात: दोन सरदारांतून, दोन नगरमंडळातून, तीन नागरिकांतून आणि तीन खेड्यातल्या शेतकऱ्यांतून. पेटीला चार वेगवेगळी कुलपे होती आणि चार किल्ल्या चार गटांकडे. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे. दर रविवारी हे दहा जण बसून कोणाला काय हवे ते पाहत. पुढे ही योजना कुरबुरीत अडकली, कारण पैशाचा ताबा सोडण्यास नगरमंडळ तयार नव्हते. समित्यांचे स्वभाव पाचशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत!

परंतु कल्पना किती नेमकी होती पाहा. पेटी घरासाठी होती, घर पेटीसाठी नव्हे. एका घराला जे झेपत नाही ते सर्वांनी मिळून उचलावे, यासाठी मंडळी. आमच्या त्या बहिणीची आई गावी रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढते. चुलीपासून वेदीपर्यंतचा रस्ता एका मुठीएवढा आहे. तो रस्ता वेदीपासून चुलीकडेही यायला हवा.

'आपल्या जागी राहा' याचा धोका

येथे एक गंभीर शंका उभी राहते आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपापल्या जागी देवाची सेवा करा, हे सांगणे सोपे आहे. पण आपल्या देशात 'आपल्या जागी राहा' हे वाक्य शतकानुशतके कोणी कोणाला ऐकवले? जातीच्या उतरंडीत खाली ठेवलेल्या माणसाला हेच सांगितले गेले. घरकाम करणाऱ्या मुलीला 'तुझे काम म्हणजे देवाचे पाचारण' असे म्हणून तिची रजा आणि पगार कापणारा मालक देवाचे नाव व्यर्थ घेतो.

ल्युथर स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. १५२५ च्या शेतकरी बंडाच्या वेळी त्याने शेतकऱ्यांविरुद्ध अत्यंत कठोर लिहिले. १५४३ मध्ये ज्यू लोकांविरुद्ध लिहिलेले त्याचे लिखाण तर वाचवत नाही. ल्युथरन मंडळ्यांनीच पुढे त्याचा जाहीर धिक्कार केला. राज्यकर्त्यांची आज्ञा पाळण्याची शिकवण हिटलरच्या काळात जर्मनीतील अनेक ख्रिस्ती लोकांनी गप्प बसण्यासाठी वापरली.

पण तीच श्रद्धा उभे राहण्याचेही बळ देते. १९४२ साली नॉर्वे देश नाझींच्या ताब्यात होता. क्विसलिंगच्या सरकारने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आपल्या युवक संघटनेत सक्तीने घेण्याचा कायदा केला. मुलांना वाढविण्याचे पाचारण आईबापांना देवाने दिले आहे, ते सरकार हिरावू शकत नाही, अशी भूमिका तेथील ल्युथरन ख्रिस्तसभेने घेतली. फेब्रुवारीत सर्व बिशपांनी सरकारी पदाचा राजीनामा दिला आणि ५ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, बहुतेक पाळकांनीही दिला. सरकारी पद आणि पगार त्यांनी सोडला, पण आपली मंडळी सोडली नाही. ओस्लोचे बिशप आइविन्ड बेर्गग्राव यांना युद्ध संपत येईपर्यंत जंगलातील एका झोपडीत कैदेत ठेवण्यात आले. जागेवर राहणे म्हणजे मान खाली घालून राहणे नव्हे, हे त्यांनी दाखविले. आपली जागा माणसाला कोणापुढे वाकावे हे सांगत नाही. माझ्या स्वाधीन कोणाला केले आहे, हे सांगते.

प्लेगच्या त्या पत्रातही हे आहे. मोलकरणीने मालकिणीला सोडून जाऊ नये, असे ल्युथर लिहितो आणि लगेच मालकानेही नोकराला वाऱ्यावर सोडू नये, असे बजावतो. बंधन दोन्ही बाजूंनी असते तेव्हाच ते पाचारण. एकाच बाजूने असेल तर ती वेठ.

तिने काय मागितले?

२०२२ साली आमच्या मदत गटाने त्या मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे ठरविले. तिला विचारले, "तुला आणखी काय देऊ?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, की महिन्यातून एक रविवार पूर्ण सुट्टी मिळाली तर बरे होईल. तिच्या गावाकडच्या मुली शहरात एका ठिकाणी जमून आपल्या भाषेत उपासना करतात. तिला तिथे लहान मुलांना शिकवायचे होते.

आमची मान खाली गेली. काकूंची तिने जी सेवा केली त्याचे आम्ही गोडवे गात होतो. आणि तिला सुट्टीचा पूर्ण रविवार मिळत नाही, हे आळीतल्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. तिचीही एक मंडळी आहे, तिथे तिची कोणी वाट पाहत आहे, हा विचार आम्हाला शिवला नव्हता. काकूंनी ते ताबडतोब मान्य केले. त्या रविवारी काकूंजवळ बसण्याची पाळी आता आळीतली चार घरे वाटून घेतात. आमचे घर त्यात आहे. आमच्या मदत गटाच्या सर्व कामांत हे काम सर्वांत छोटे आहे, आणि त्याची कोणत्याही वार्षिक अहवालात नोंद होत नाही.

वाचकहो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, हेच बजावले आहे: जो ख्रिस्ती माणूस आपली रोजची जबाबदारी टाळतो तो शेजाऱ्याविषयीचे आणि देवाविषयीचे कर्तव्य टाळतो. म्हणजे ल्युथरन बहिणीकडून आम्ही जे शिकलो ते आमच्याच घरात लिहून ठेवलेले होते. कधी कधी आपल्या घरातली वस्तू शेजारी दाखवितो तेव्हाच दिसते.

'मिस्सा' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील पाठवणीच्या शब्दात आहे. उपासना संपते तेव्हा आपल्याला पाठविले जाते. कोठे? पाळकीय मंडळाच्या बैठकीला अवश्य जावे, गायकवृंदात गावे, सणाची तयारी करावी. पण घरी जाताना वाटेत एक प्रश्न मनाशी विचारावा: आज माझ्या स्वाधीन कोणाला केले आहे, आणि माझ्याशिवाय त्याचे दुसरे कोण आहे? उत्तर बहुधा फार लांब सापडणार नाही. पन्नास पावलांच्या आतच असेल.

हे प्रभो, तू आम्हाला कृपेने स्वीकारले आहेस, म्हणून आता आम्हाला मोजमाप करण्याची गरज नाही. आमची खिडकी उघड. ज्याचे दुसरे कोणी नाही, त्याच्या दाराशी जाण्याचे धैर्य दे. आणि जी आमची सेवा करतात, त्यांचाही रविवार आम्हाला आठवू दे. आमेन.